अपुरा पत्ता

तीस वर्षं या फाटकापर्यंत आलो
आणि फाटकावरूनच परतलो.
सायकल डाव्या दगडाला टेकवायची, घंटी दोनदा,
पाळकसाहेबांची मनीऑर्डर असेल तर तिसऱ्यांदा.
आत काय आहे हे विचारण्याइतका
बटवड्यात वेळ नसतो.

आज आत आलो ते सतरा जण.
निवृत्त टपाल कर्मचारी संघ, कोल्हापूर.
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक ठिकाण.
मागच्या खेपेला पाण्याची टाकी पाहिली,
त्याआधी गुऱ्हाळ.
चपला काढायच्या का, हिंदुराव इंगवल्यांनी विचारलं.
"काढा न्हाईतर राहू द्या," शांतवन म्हणाला,
"फरशी थंड हाय, एवढंच."
सगळ्यांनी काढल्या.
करकरणाऱ्या चौतीस चपला दारात गप्प झाल्या.

"सलाम," तो प्रत्येकाला म्हणत होता.
दस्तगीर मुजावरनं सवयीनं वालेकुम जोडलं,
आणि दोघंही हसले.

काळा दगड. सागवानी बाकं.
उंच खिडकीतलं ऊन
पुढच्या बाकावर, कुणी सोडवून न नेलेल्या
पार्सलासारखं.
पेटी कापडाखाली,
गीतांच्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं,
एकावर दुधाच्या हिशेबाची बेरीज.

वेदीच्या डावीकडे संगमरवर:
इथं पहिल्यांदा वस्ती केलेल्यांची आठवण.
साहेब, मडम, त्यांचा गाव, समुद्र,
घाट चढायला लागलेले दिवस.
शालन मगदूमनं चष्मा बदलून वाचलं.
सॉर्टिंगला असताना ती असंच वाचायची,
ओठ न हलवता, अंगठा हवेत,
कुठल्या खणात टाकायचं ते ठरवत.
"आणि ही खालची?"

खालच्या ओळी मराठीत होत्या, अक्षर बारीक.
चौदा माणसं. दुष्काळात आली, इथंच राहिली.
गोविंदा, कागलचा. रखमा, त्याची बहीण.
हुपरीकडचा एक सुतार.
दोन भाऊ, गाव आठवत नाही.
शेवटी: एक म्हातारी. नाव सांगत नसे.

"अपुरा पत्ता," हिंदुराव पुटपुटले.
आमच्यातला जुना विनोद.
कुणी हसलं नाही.

मला एक पाकीट आठवलं.
दर डिसेंबरात यायचं, कडेला लाल-निळे पट्टे,
परदेशातलं कुठलं तरी थरथरतं अक्षर:
कोपऱ्यातल्या लहान थडग्याची निगा राखणाऱ्यास,
मेमोरियल चर्च, कोल्हापूर.
नाव नाही, पिन नाही.
शिक्का मारून परत पाठवायला निघाले होते,
मी म्हटलं, द्या इकडं, माझ्या बीटातलं आहे.
नऊ वर्षं आलं. मग आलं नाही.

"आईला यायचं की ते," शांतवन म्हणाला.
"झाडलोट तिच्याकडं. वाचता येत न्हवतं.
आत एक सुकलेलं पान असायचं, लाल,
हाताच्या पंजासारखं. ते शास्त्रात ठेवायची."
उलट धाडायची का काही?
"धाडायची तर. चिंचेचा डहाळा.
तिकीट कमी पडलं म्हणून
एकदा तुम्हीच परत आणून दिलतासा."

मला आठवत नाही.
नियम मात्र तसाच होता.

थडगं मागं, चिंचेखाली.
टपालाची थैली आडवी ठेवली तर
तेवढंच.
सात महिने, असं कोरलेलं. पुढचं शेवाळात.
दस्तगीर उकिडवा बसला,
पाला वेचून खिशात भरू लागला, टाकायचा कुठं हे न कळून.
शालननं विचारलं, ती म्हातारी कुठं पुरली?
शांतवननं हात हलवला,
सगळं आवार दाखवल्यासारखा.

मग मिसळ कुठली यावर वाद झाला,
पांढरा रस्सा मिळतो का यावर वाद झाला,
रिक्षात चौघं की तिघं.
सगळे पुढं गेले. मी मागं राहिलो,
फाटक लावून घ्यायला.
बाहेरून ते डोळे मिटून लावलं असतं.
आतल्या बाजूला कडी कुठं असते
हाताला सापडेना.